'बिफॉल'ची चिठ्ठी

श्रीधरशास्त्री संगमावरून परतले की थेट घरात शिरत नसत. आधी मागीलदारी जायचं, अंगावरची वस्त्रं भिजत टाकायची, डोक्यावरून दोन घागरी पाणी घ्यायचं, सोवळं नेसायचं आणि मग घरात पाऊल टाकायचं. साहेबाशेजारी बसून आलेला ब्राह्मण तसाच माजघरात शिरला असता तर नारायण पेठेने त्याला सुखाने जेवू दिलं नसतं. "विद्या देऊन येतो आणि विटाळ घेऊन येतो," असं शास्त्रीबुवा कुरकुरत म्हणायचे. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पागोटं ठाकठीक करून सगळ्यांच्या आधी निघायचे. खोटं कशाला बोला, त्यांना ते काम मनापासून आवडायचं.

पेशवाईची ती अखेरची चार-पाच वर्षं. अखेरची आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं म्हणा! संगमावर इंग्रजांचे बंगले होते. तिथल्या विल्बी नावाच्या एका तरुण साहेबाला मराठीचं वेड लागलं होतं. इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मराठी, असा मोठा कोश करायचा त्याने घाट घातला होता आणि शास्त्रीबुवा त्याचे पंडित होते. कामाची पद्धत ठरलेली होती. साहेब दर शब्दाची एक चिठ्ठी करायचा, वर इंग्रजी शब्द आणि खाली कोरी जागा. शास्त्रीबुवांनी ती घरी न्यायची, मराठी शब्द लिहायचा आणि लोक तो कसा बोलतात याची तीन वाक्यं लिहून आणायची.

पहिल्यांदा त्यांनी नेलेली वाक्यं काय वर्णावी! 'हे नराधिपा, दैवगती दुर्लंघ्य होय.' साहेबाने ते शांतपणे ऐकलं आणि आपल्या घोड्याची निगा राखणाऱ्या भैरूला हाक मारली. भैरू धायरीचा, साधासुधा गडी. त्याने ते वाक्य दोनदा ऐकलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "शास्त्रीबुवा कुनावर रागावल्यात व्हय?" तेव्हापासून कायदाच झाला. भैरूला जे कळेल आणि 'असं बोलत्यात' असं तो म्हणेल, तेच वहीत चढायचं. वीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाची परीक्षा आता मोतद्दार घेणार! शास्त्रीबुवा दोन दिवस जेवताना स्वतःशीच पुटपुटत होते.

मग बोलती वाक्यं आणायची कुठून? घरातूनच. त्यांची बायको सरुबाई दिवसभर बोलायची, पण 'सांग बघू एक वाक्य' म्हटलं की तिची दातखीळ बसायची. खरी खाण निघाली ती सून. मथुरा स्वयंपाकघराच्या दाराआडून असं एखादं वाक्य टाकायची की भैरू ऐकताक्षणी मान डोलवायचा. आता सून काही सासऱ्याशी थेट बोलायची नाही, त्या काळी तर नाहीच नाही. त्यामुळे सगळा व्यवहार सरुबाईच्या मार्फत चालायचा.

"विचार तिला, कंटाळणे कसं म्हणतील."

सरुबाई दोन हातांवरच्या दाराकडे तोंड करायची. "कंटाळणे विचारतायत."

"सासूबाई, सांगा त्यांना, 'दळून दळून जीव कंटाळला, पण सुपातलं काही सरेना.'"

"दोघांनाही सगळं ऐकू येतंय," सरुबाई करवादायची. "मी काय तुमची जासूद आहे?"

शास्त्रीबुवा लिहून घ्यायचे आणि मनातल्या मनात खूश व्हायचे. पोरीला भाषेचा कान आहे, हे त्यांना सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. पण हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. सुनेचं कौतुक तोंडावर करणारा सासरा अजून पुण्यात जन्मायचा होता.

घरात मात्र त्या वर्षी वेगळंच शिजत होतं. मथुरेला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. थोरला मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला. दुसरा चाळीस दिवसांचा. तिसरी मुलगी नऊ दिवसांची होती. तिला जाऊनही आता दीड वर्ष होत आलं होतं आणि पुन्हा काही चिन्ह नव्हतं. सरुबाईने मनावर घेतलं होतं की मुलाचं, म्हणजे अनंताचं, दुसरं लग्न करायचं. लोणीच्या कुलकर्ण्यांची मुलगी सांगून आली होती. पत्रिका जुळली होती, ती शास्त्रीबुवांनी स्वतःच जुळवली होती. शुक्रवारी मुलीचे मामा होकार न्यायला येणार होते. अनंत बिचारा एका सरदाराच्या दप्तरात कारकून. बापापुढे मान वर करून बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. आणि मथुरेला कोण विचारतो? तिच्या डोक्यावर सवत येणार हे तिला भांडी घासताना, धुणं वाळत घालताना, दुसऱ्यांच्या बोलण्यातून कळलं होतं.

शास्त्रीबुवांना हे सगळं मनापासून पसंत होतं असं नाही. पण ते म्हणायचे, "प्रारब्ध आहे तिचं. आपण काय करणार?" आणि हे एकदा म्हटलं की पुढचा विचार करावा लागत नसे.

तर त्या बुधवारी साहेबाने नवी चिठ्ठी पुढे केली. वर लिहिलं होतं, 'बिफॉल'.

"याचा अर्थ?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

साहेब मराठी सावकाश बोलायचा, पण नीट बोलायचा. "एखाद्यावर काही येतं. त्याने मागितलेलं नसतं. त्याने केलेलं नसतं. दैवाने येतं."

"व्युत्पत्ती काय?"

"फॉल म्हणजे पडणे. फार जुना शब्द आहे. आमचे पूर्वज वाटणी करताना चिठ्ठ्या टाकत. जे पडेल ते तुमच्या वाट्याचं. तेव्हा चांगलंही पडायचं. आता लोक हा शब्द वाईटालाच वापरतात."

"आमच्याकडेही ओढवतं ते वाईटच," शास्त्रीबुवा कोरडेपणाने म्हणाले. "कुणावर सुख ओढवल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

साहेब हसला. मग त्याने मेजाच्या खणातून एक पत्र काढलं. त्याचा धाकटा भाऊ गलबतावर होता आणि वर्ष झालं तरी त्या गलबताची खबर नव्हती. आईने पत्रात हाच शब्द लिहिला होता. माझ्या पोरावर काय ओढवलं असेल, असं ती विचारत होती. "आमच्यात हा शब्द असा वापरतात," साहेब म्हणाला. "काळजीने विचारताना."

शास्त्रीबुवांनी पत्राकडे पाहिलं. पत्रातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण ओळी शेवटी शेवटी तिरप्या झालेल्या दिसत होत्या. मग त्यांच्यातला पंडित जागा झाला. "पण दोष कुणाचा? काहीतरी पूर्वकर्म असणारच."

"दोष?" साहेब गोंधळला. "या शब्दात दोष नाही, शास्त्रीबुवा. वाटेने जाणाऱ्यावर झाड पडलं तर आपण त्याला, तू तिथून का गेलास, असं विचारतो का?"

"आम्ही विचारतो," शास्त्रीबुवा म्हणाले आणि चिठ्ठी उपरण्याच्या टोकाला बांधून उठले.

घरी आले, पाणी घेतलं, सोवळं नेसले आणि ओसरीवर दौत घेऊन बसले. शब्द तीन सुचले होते. कपाळी येणे, ओढवणे आणि वाट्याला येणे. सरुबाई समोर वाती वळत बसली होती.

"कपाळी येणे. कसं म्हणतेस?"

आज सरुबाईची दातखीळ बसली नाही. "त्यात काय विचारायचं! 'हिच्या कपाळी पोर नाही, आणि हिच्यापायी आमच्या कपाळी नातू नाही.' लिहा."

आत भांड्याचा आवाज होत होता, तो थांबला. शास्त्रीबुवांचा बोरू कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. त्यांनी वाक्य लिहिलं नाही. नुसतं म्हणाले, "पुढचं. वाट्याला येणे. तिला विचार."

सरुबाईने विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. मग मथुरेचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत.

"सांगा त्यांना. 'थोरला सात महिने माझ्या वाट्याला आला.'"

सरुबाईच्या हातातली वात अर्धी वळायची राहिली. काय बाई हे! गेलेल्या पोराबद्दल असं कुणी बोलतं? गेला म्हणतात, देवाने नेला म्हणतात, तोंडचा घास काढला म्हणतात. ही म्हणत होती, आला. सात महिने मिळाले म्हणत होती. सरुबाई उठली आणि शेजारी वाती द्यायच्या निमित्ताने निघून गेली.

आता ओसरीवर शास्त्रीबुवा एकटे आणि दाराआड सून. मधला निरोप्या गेला, म्हणजे बोलणं संपलं. शास्त्रीबुवांनी ते वाक्य लिहून काढलं आणि दौतीचं झाकण लावायला घेतलं.

"मला एक शास्त्रातलं विचारायचं होतं," दाराआडून आवाज आला.

शास्त्रीबुवा दचकले. लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती, पण तिचं बोलणं थेट त्यांना उद्देशून असं कधी आलं नव्हतं. रागवावं की काय करावं हे कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "विचार."

"सहावीला सटवाई येते, तेव्हा कोरा कागद कुणाच्या उशाशी ठेवतात?"

यात विचारायचं काय होतं? पोराटोरांनाही ठाऊक आहे. सहाव्या दिवशी बाळाच्या उशाशी कोरा कागद, दौत आणि बोरू ठेवायचा. सटवाई येते आणि त्याचं नशीब त्याच्या कपाळावर लिहून जाते. मथुरेच्या तिन्ही वेळी बोरू शास्त्रीबुवांनीच तासला होता, चांगला, बारीक टोकाचा.

"बाळाच्या," ते म्हणाले.

"आणि ती कपाळ कुणाचं लिहिते?"

"बाळाचं."

"मग तेवढं आयुष्य त्यांच्याच कपाळी लिहिलं होतं," मथुरा म्हणाली. "माझ्या उशाशी तर कुणी कागद ठेवला नव्हता. मग सगळे माझं कपाळ कसं काय वाचतात?"

अहो, मोठमोठ्या शास्त्र्यांना वादात गप्प बसवणारा माणूस! दक्षिणेकडचे दोन पंडित एकदा त्यांच्यापुढे हार मानून गेले होते. आणि इथे एका चोवीस वर्षांच्या पोरीने त्यांना बसल्या जागी निरुत्तर केलं. "बघून सांगतो," एवढंच म्हणाले.

आणि त्यांनी खरंच बघितलं. गुरुवारी पहाटेपासून पोथ्या काढून बसले. कर्मविपाक काढला, ज्योतिष काढलं. कारणं पुष्कळ सापडली. मागच्या जन्मी कुणी काय केलं म्हणजे या जन्मी पोरं जगत नाहीत, याची भलीमोठी यादी होती. ती वाचता वाचता शास्त्रीबुवा मनात एकेक कारण मथुरेच्या तोंडावर बोलून बघत होते. ही थोरल्याला छातीशी घेऊन तीन रात्री बसली होती, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तिला काय सांगायचं? की तू मागच्या जन्मी कुण्या गाईचं वासरू तिच्यापासून तोडलंस? एकही कारण त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांनी पोथी बांधून ठेवली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण गेली दीड वर्षं ते हेच न बोलता बोलत आले होते.

दुपारी संगमावर गेले. साहेबाने चिठ्ठी घेतली, भैरूला हाक मारली आणि वाक्य वाचलं, "थोरला सात महिने माझ्या वाट्याला आला."

भैरू नेहमीसारखी मान डोलवेना. तो मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसायला लागला. "असं बोलत न्हाईत, साहेब," तो म्हणाला. "पर असं बोलाया पायजे. माझी बी दोन गेली. म्या कवा मोजलंच न्हाई किती दिस होती ती." मग शास्त्रीबुवांकडे वळून त्याने विचारलं, "कुनाचं हाय ह्ये बोलनं?"

शास्त्रीबुवा सून म्हणायला गेले. "माझ्या लेकीचं," असं त्यांच्या तोंडून आलं आणि त्यांनी ते बदललं नाही.

'असं बोलत्यात' असं काही भैरू म्हणाला नव्हता, तरी साहेबाने कायदा मोडून ते वाक्य वहीत चढवलं.

संध्याकाळी अनंत दप्तरातून आला. शास्त्रीबुवांनी त्याला समोर बसवलं. "उद्या लोणीची माणसं यायची आहेत. तुझं काय म्हणणं?"

"आपण ठरवाल ते."

"ते मी ठरवेन. तुझं म्हणणं विचारतोय. तोंड आहे ना?"

अनंताने खालीच बघत उत्तर दिलं. "मथुरा समोर असताना दुसरीच्या हातून पाणी घेणं मला जमायचं नाही, अप्पा. आपण सांगितलंत तर लग्नाला उभा राहीन. पण ते काही जमायचं नाही."

"हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"आपण विचारलं नव्हतंत."

शास्त्रीबुवा उठले आणि संध्येला बसले.

शुक्रवारी सकाळी मामा आले. मामा म्हणजे भारदस्त गृहस्थ, तांबडं पागोटं, हातात चांदीची मूठ असलेली काठी. गूळपाणी झालं, लोणीच्या पीकपाण्याची चौकशी झाली. सरुबाई दाराशी सुपारीचं तबक घेऊनच उभी होती. मथुरा चुलीपाशी होती. पाहुण्यांसाठी शिरा तिनेच केला होता. आपल्या होणाऱ्या सवतीच्या मामाला आपल्याच हातचा शिरा!

"मग शास्त्रीबुवा," मामा म्हणाले, "मुहूर्त आपणच काढायचा."

"मुलगी चांगली आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "पत्रिकाही उत्तम आहे. अडचण आमच्याकडे आहे."

"ती कसली?"

"आमच्या घरात सून आहे."

मामांना आधी वाटलं थट्टा आहे. ते हसले, आणि समोरचा हसत नाही हे पाहून थांबले. मग थोडे रागावले. बोलावणं कशाला पाठवलंत, असं म्हणाले. शास्त्रीबुवांनी हात जोडून चूक कबूल केली. तुमच्या भाचीला मोकळं घर मिळो, असं मनापासून म्हणाले. मामा शिरा अर्धवट टाकून गेले.

मामा अंगणाबाहेर पडले मात्र, सरुबाईने तबक दाणकन खाली ठेवलं. "वेड लागलं का तुम्हाला? आणि वंश? उद्या तुम्हाला पाणी कोण देणार?"

"दत्तक घेऊ. नाहीतर तहानलेला राहीन. माझी तहान मी बघून घेईन, त्यासाठी त्या पोरीला जाळायला नको."

"मी जाळते तिला? मी?"

शास्त्रीबुवा चालत गेले ते थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तिथे उभे राहिले. मथुरा चुलीपाशी पाठमोरी होती. तिने घाईने पदर सावरला.

"मथुरे," ते म्हणाले. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही. खूप शोधलं. पण एक सांगतो. जे झालं ते तुझ्यावर येऊन पडलं. तू ते आणलं नाहीस. पहिल्याच दिवशी हे मी येऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक झाली, पोरी."

मथुरा वळली. रडत नव्हती. तीन वेळा आणि नंतर दीड वर्ष ती चोरून रडली होती, आता समोर रडायची तिला सवयच नव्हती.

"मग एक मागू?"

"माग."

"धाकटीचं बारसं झालं नव्हतं. तीन दिवस राहिले होते. थोरल्या दोघांची नावं घेऊन मला रडता येतं. तिला नावच नाही. तिची आठवण आली की कुणाला हाक मारायची, तेच मला कळत नाही. तिला एक नाव द्याल?"

शास्त्रीबुवांनी अख्ख्या पेठेतल्या पोरांची नावं काढून दिली होती. नक्षत्र सांगा, अक्षर सांगतो, असा त्यांचा हातखंडा होता. त्या घटकेला त्यांना एकही अक्षर आठवेना. ते दाराची चौकट धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मंदाकिनी."

ते मागून आलं. सरुबाई खाली ठेवलेल्या तबकापाशीच उभी होती. राग अजून चेहऱ्यावर होता.

"नाव मंदाकिनी ठेवायचं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी मी मनात धरलं होतं. बारशाला तिच्या कानात सांगायचं म्हणून कुणाजवळ बोलले नाही, आणि मग सांगायला कान राहिला नाही. घरात मंदी म्हणायचं ठरवलं होतं मी. रोज म्हणते मनातल्या मनात."

मथुरा तिच्याकडे बघतच राहिली. मग ती उंबऱ्यापर्यंत आली, तिथेच खाली बसली आणि सासऱ्यासमोर, सासूसमोर, घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने आपल्या लेकीला पहिल्यांदा नावाने हाक मारली. सरुबाई तिच्यापाशी येऊन बसली आणि तिचं डोकं तिने आपल्या मांडीवर घेतलं.